चॅनल हलवू नका

माझं काम काय आहे, हे मला पुण्यात कुणालाच नीट समजावून सांगता आलेलं नाही. टीव्ही कंपनीत आहे म्हटलं की बायका विचारतात, मग सिरियलवाल्यांना भेटतेस का? नाही बाई, नाही भेटत. छपरावर तबकडी बसवून लोकांच्या घरी चॅनल पोचवणारी एक कंपनी आहे, तिच्या लंडनच्या ऑफिसात मी बसते. चॅनलवाले येतात, म्हणतात आम्हाला तुमच्या पॅकमध्ये ठेवा आणि दर घरामागे आम्हाला काहीतरी द्या. आम्ही म्हणतो, देणं कसलं, ठेवतोय हेच खूप झालं. मग महिना-दोन महिने घासाघीस चालते. करार संपायच्या दिवसापर्यंत जमलं नाही, तर चॅनल बंद. त्या जागी निळा पडदा येतो आणि त्यावर एक सभ्य मजकूर. तो मजकूरही मीच लिहिते. मंडईत चालतं तेच सगळं, फक्त इथे वकील असतात आणि कॉफी भयंकर असते.

नवरा गेल्यापासून मी या कामात फारच चांगली झाले. विनोद करत नाहीये. समोरचा माणूस चिडो, विनवो, टेबलावर हात आपटो, मी नुसती त्याच्याकडे बघत बसायचे. त्याला वाटायचं, ही बाई पक्की आहे. पक्की कसली, कपाळ! मला काही वाटतच नव्हतं. समोरच्याला मात्र ती शांतता सोसायची नाही आणि तो आपणहून दोन पावलं मागे यायचा. आमचा बॉस ग्लासगोचा, तोंडानं फटकळ पण मनानं बरा. रिव्ह्यूच्या वेळी म्हणाला, तुझ्या शांतपणाचा टीमला फार फायदा होतोय. मी थँक यू म्हटलं आणि घरी येताना दूध घेतलं.

नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. चांगला सकाळी डबा घेऊन कामावर गेला आणि दुपारी हार्ट अटॅकनं संपला. त्यानंतर सगळे म्हणाले, रडून घे. आता नळ आहे का तो, सोडला की आला? मला रडू आलं नाही ते नाहीच. मी कामावर जात होते, कौन्सिलला फोन करत होते, आमटीला फोडणी देत होते, आणि हे सगळं दुसरीच कुणीतरी बाई करते आहे असं वाटायचं. दात काढायच्या आधी डेंटिस्ट इंजेक्शन देतो ना, तसं. गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी समजत नाही.

क्रॉयडनच्या घरात मी आणि माझे सासरे, अशी दोघंच उरलो. सासरे डॉक्टर. तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले ते इथलेच झाले. रिटायर झाल्यावर इल्फर्डला एकटे राहायचे, व्यवस्थित राहायचे. मुलगा गेला त्याच हिवाळ्यात ते बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांना माझ्याकडे आणलं. खुबा जुळला, माणूस काही जुळेना. फिजिओवाली यायची तर डोळे मिटून पडून राहायचे. ताट तसंच परत यायचं. मी दारात उभी राहून म्हणायचे, "बाबा, थोडं खाऊन घ्या." ते म्हणायचे, "हो, खातो." आणि आम्ही दोघंही ते विसरून जायचो.

माझी मुलगी एडिनबराला युनिव्हर्सिटीत शिकते. हॉकी खेळते, गोलकीपर आहे. लहानपणी दर रविवारी भल्या सकाळी तिला गाडीत घालून मैदानावर न्यायचं काम तिच्या वडिलांचं. गोलकीपरही त्यानंच केलं तिला. म्हणायचा, आपल्या घराण्यात कुणी पळालेलं नाही, तू आपली एका जागी उभी राहा. बाप-लेकीचं ते जग होतं, मी त्यात फक्त सँडविच करून द्यायचे. तो गेल्यावर तिचे माझे फोन आखूड होत गेले. "ऑल गुड, आई." "जेवलीस?" "हो, मी जेवला." जेवला काय, जेवले म्हण, असं पूर्वी मी दर वेळी खेकसायचे. आता तेही सोडलं होतं. भांडण काही नव्हतं हो. भांडण असतं तर बरं, निदान बोललो तरी असतो.

तर एका बुधवारी सकाळी तिचा मेसेज आला की तिची पहिल्या टीममध्ये निवड झाली आहे आणि आज दुपारची मॅच टीव्हीवर दाखवणार आहेत. इथे युनिव्हर्सिट्यांच्या सगळ्या मॅच बुधवारी दुपारी असतात, त्या दिवशी लेक्चरं ठेवत नाहीत. त्यातल्या काही मॅच दाखवणारं एक छोटं चॅनल आहे. बाकीचा वेळ ते अमेरिकेतल्या कॉलेजांचं फुटबॉल दाखवून भरतात, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात ते. हे मी सासऱ्यांना सांगितलं आणि कामावर गेले. संध्याकाळी आले तर सासरे सोफ्यावर बसलेले. वॉकर धरून, एकटे, बेडरूमपासून सोफ्यापर्यंत आले होते. चक्क दाढी केलेली होती.

तिथून पुढे त्यांचा आठवडा बुधवारचा झाला. बुधवारी इस्त्रीचा शर्ट. बुधवारी सोफ्यापर्यंत चालता यावं म्हणून सोमवारी-मंगळवारी फिजिओवालीपुढे डोळे उघडे. मॅच बघताना भूक लागते म्हणून पोहे. तिची टीम दर वेळी दाखवतीलच असं नव्हतं, तरी हे बसायचेच. आणि दिसून काय दिसायचं? गोलकीपर, सगळं तोंड झाकलेलं, पायाला ही जाडजूड पॅडं. कुणाचीही पोर असू शकली असती ती. पण यांना ओळखू यायची. "डावीकडे सरक गं, डावीकडे," असं टीव्हीला सांगायचे. घरात मोठ्यांदा बोलणारा आवाज तेवढाच. तो माणूस त्या चॅनलवर जगत होता असं मी म्हटलं, तर ते फुगवून सांगितलेलं नाही.

मी नाही बघितली एकही मॅच. दुपारी मी ऑफिसात असायचे, हे खरं. पण रेकॉर्ड केलेली असायची, ती का नाही बघितली, तर नाही बघितली. बघायला बसलं की शेजारची खुर्ची रिकामी दिसायची, मग उठून मी भांडी घासायचे.

आणि मग त्याच चॅनलचा करार संपत आला आणि तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. मी बॉसला लगेच सांगितलं, माझी मुलगी यात खेळते, घरी सासरे हे बघतात, दुसऱ्या कुणाला तरी द्या. तो हसला. म्हणाला, बरं झालं, देशात एका घरी तरी बघतात हे समजलं. असल्या चॅनलसाठी माणूस बदलण्याइतकं ते कुणालाच महत्त्वाचं नव्हतं. ठीक आहे म्हटलं. मला काय.

चॅनलकडून येणारी बाई माझ्याच वयाची होती. लहान कंपनी, त्यामुळे वकीलही तीच आणि हिशेबनीसही तीच. तिला साध्या पॅकमध्ये राहायचं होतं, जे प्रत्येक घरात आपोआप दिसतं. आमचं म्हणणं, तुम्ही वेगळ्या पैशाच्या स्पोर्ट्स पॅकमध्ये जा. तिकडे गेलं की बघणारे उरत नाहीत, जाहिराती जातात, आणि वर्षभरात दुकान बंद. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती पोटतिडकीनं बोलत राहिली, मी तिच्याकडे बघत राहिले.

करार महिनाअखेरीस संपणार होता. आणि पोरीची टीम पोचली सेमीफायनलला, ती बरोब्बर त्यानंतरच्या बुधवारी, त्यांच्याच मैदानावर. म्हणजे आमचं जमलं नाही तर सासऱ्यांना ती मॅच दिसणार नव्हती. एडिनबरापर्यंत जाण्याची त्यांची अवस्था नव्हती, ते गाडीत अर्धा तासही बसू शकत नव्हते. चॅनलचं ॲप होतं, पण त्यातही आमच्या कंपनीचा ग्राहक नंबर टाकून आत जावं लागायचं. आमचा करार तुटला की तेही दार बंद.

शेवटच्या पंधरवड्यात चॅनलवाल्यांनी पडद्याच्या खाली पट्टी सोडली. तुमची कंपनी हे चॅनल काढून टाकण्याच्या बेतात आहे, त्यांना कळवा तुम्हाला ते हवं आहे म्हणून. सगळेच सोडतात अशी पट्टी, त्यात नवीन काही नाही. मी घरी आले तर सासरे चष्मा लावून ती वाचत होते.

"ही कंपनी म्हणजे तुमचीच ना?"

"हो, बाबा."

"आणि हे काम कोण बघतं?"

"मीच बघते."

"अच्छा," म्हणाले. "चहा घेतलास का?"

बास. एवढंच. ठेव म्हणाले नाहीत, बघ जरा काही होतंय का म्हणाले नाहीत. या माणसाचा भिडस्तपणा म्हणजे ना! सुनेच्या नोकरीत लुडबुड नको म्हणून नातीची मॅच सोडायला तयार. मला खरं तर राग यायला हवा होता. मागा ना हो काहीतरी, असं ओरडावंसं वाटायला हवं होतं. मी चहा टाकला.

पण स्वस्थ बसले नाहीत ते. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे फोन सुरू झाले. मेडिकल कॉलेजपासूनचे त्यांचे पाच-सहा मित्र या देशभर विखुरलेले, सगळे डॉक्टर, सगळे रिटायर. एक इल्फर्डला, एक लेस्टरला, एक वेल्समधल्या कुठल्याशा खेड्यात, तो दर ख्रिसमसला सफरचंदाचा मुरंबा पाठवतो. या सगळ्यांना हे फोन करून सांगत होते, "अरे, ते कॉलेजच्या खेळांचं चॅनल लावून ठेव. दिवसरात्र. आणि हे बघ, एकदा लावलं की चॅनल हलवू नका. वहिनींनाही सांग." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. फोन ठेवून मला म्हणाले, "कोण किती बघतं ते मोजतात म्हणे. आम्हाला कुठे काम आहे दुसरं?"

आमच्या घरचा टीव्हीही मग बंद होईना. सकाळी मी उठायचे तर आवाज बंद करून ठेवलेला आणि ते अमेरिकन एकमेकांवर आदळतायत. मी रिमोट उचलला की "अगं अगं, असू दे" म्हणायचे. आता मी त्यांना काय सांगणार होते? आमच्या घरी कंपनीच्या कर्मचाऱ्याला मिळतो तो फुकटचा बॉक्स आहे, आणि कर्मचाऱ्यांच्या घरचे बॉक्स मोजत नाहीत. आमचा टीव्ही कयामतपर्यंत चालू ठेवला असता तरी त्याची नोंद कुठे झाली नसती. नाही सांगितलं. रिमोट होता तिथे ठेवला.

करार संपण्याच्या आदल्या आठवड्यात शेवटची मोठी मीटिंग झाली. चॅनलच्या बाईचा चेहरा पहिल्यांदाच उजळलेला होता. बघणाऱ्यांचा ताजा रिपोर्ट दोन्ही बाजूंना मिळाला होता आणि तिचे प्रेक्षक वाढले होते. फार नाही, पण वाढले होते, कारण सेमीफायनलमुळे पोरांचे आईबाप खरोखरच बघायला लागले होते. ती म्हणाली, बघा, लोकांना हे हवं आहे. त्यावर आमची आकडेवारीवाली मुलगी घसा साफ करून म्हणाली, यातले काही बॉक्स आम्हाला वगळावे लागतील, ते झोपलेले आहेत. झोपलेला बॉक्स म्हणजे माणूस टीव्ही तसाच चालू सोडून गावाला गेलेला असतो, पुढे कुणी नसतं. खरं बघणारा माणूस आवाज कमी-जास्त करतो, मधेच बातम्या बघतो, रात्री बंद करतो. यांनी दिवसच्या दिवस एक बटणसुद्धा दाबलेलं नाही. तिनं नकाशा पडद्यावर लावला. इल्फर्ड. लेस्टर. वेल्समध्ये एकच ठिपका, आजूबाजूला काही नाही.

मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मुरंबावाले काका, नव्हे का हे.

मी गप्प बसायला हवं होतं. तेच तर माझं कौशल्य. गप्प बसले असते तर ते पाच-सहा बॉक्स उडाले असते आणि आईबापांचे खरे आकडे तिच्या पदरात राहिले असते. त्यावर काहीतरी तडजोड निघाली असती, निदान महिनाभराची मुदतवाढ तरी. पण सबंध दोन वर्षांत जे तोंड उघडलं नव्हतं ते नेमकं तेव्हा उघडलं. मी म्हटलं, "ते झोपलेले नाहीत. तिथे माणसं बसलेली आहेत."

बॉस म्हणाला, "तुला कसं माहीत?"

आणि मी सगळं सांगितलं. सासऱ्यांचे फोन, त्यांचे मित्र, मोजणी बिघडेल या भीतीनं रिमोटला हात न लावणारी ती ऐंशीच्या घरातली शहाणी माणसं. नवरा-बायको आळीपाळीनं समोर बसतात, हेसुद्धा सांगितलं. सांगताना माझा आवाज अगदी सरळ होता. आमच्या वकिलानं पेन खाली ठेवलं. म्हणजे हे कुणीतरी ठरवून घडवून आणलेलं आहे, तो म्हणाला, आणि तेही आमच्याच कर्मचाऱ्याच्या घरातून. मग या महिन्याचे सगळेच आकडे बाद. चॅनलची बाई माझ्याकडे बघत होती. तिला संताप आला होता की माझी कीव, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मला त्या कामावरून काढलं आणि चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. बॉसनं लिफ्टपर्यंत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला काही वाटलं नाही. बाहेर पाऊस होता, छत्री टेबलापाशी राहिली होती, मी भिजत स्टेशनवर गेले.

महिना संपला आणि चॅनल बंद झालं. निळा पडदा, वर माझाच मजकूर. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सासरे तो बराच वेळ वाचत बसले, मग म्हणाले, "आम्ही कमी पडलो का गं?"

"नाही हो बाबा, जरा जास्तच झालं." मग मी त्यांना सांगितलं काय घडलं ते. "मधेमधे चॅनल बदलायला हवं होतंत तुम्ही लोकांनी."

"पण बदललं तर मोजणार नाहीत ना, असं वाटलं आम्हाला," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्यामुळे तुझी नोकरी..." मी म्हटलं, "जाऊ द्या हो." आणि खरंच जाऊ दिलं होतं मी. तसं सगळंच जाऊ दिलेलं होतं.

बुधवारी त्यांनी तरीही दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. निळ्या पडद्यासमोर येऊन बसले. मी घरीच होते, त्यामुळे पळून जायला ऑफिस नव्हतं. तेवढ्यात इल्फर्डच्या काकांचा फोन आला. त्यांच्या एका टीव्हीला आमची तबकडी आणि दुसऱ्याला केबल, आणि केबलवाल्यांचा त्या चॅनलशी करार शाबूत! "अरे, मला दिसतंय! पोरी मैदानात आल्या!" काका ओरडत होते. त्यांच्या केबलचा पासवर्ड घालून आम्हाला ॲपवर बघता आलं असतं, पण तो त्यांच्या मुलाला माहीत, आणि मुलगा दुबईत, फोन उचलेना. मग व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर धरा म्हटलं, तर आम्हाला बराच वेळ काकांचा कान दिसला, त्यानंतर त्यांचं छत. शेवटी सासरे म्हणाले, "राहू दे रे, तू बघ आणि मला सांग."

आणि काकांनी सांगायला सुरुवात केली. फोन स्पीकरवर, मधे टीपॉयवर. "निळी सतरंजी अंथरल्यासारखं मैदान आहे रे. आपण कसल्या ढेकळांत खेळायचो! हां, आला चेंडू... आपली पोरगी पुढे आली... पायानं उडवला! शाब्बास! पायानं मारलेला चालतो का रे?" "गोलकीपरला चालतो," सासरे ओरडले. "मग शाब्बास!" काकूंचा मागून आवाज, अहो जरा हळू, बीपीची गोळी घेतली का? मी पोहे करायला म्हणून उठले होते, ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलीची मॅच पूर्ण ऐकत होते. मधे तिनं दोन गोल अडवले, आणि मी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

वेळ संपली तेव्हा बरोबरी होती. म्हणजे शूटआउट. समोरची एकटी मुलगी चेंडू घेऊन येणार आणि अडवायला फक्त आपली. काका पहिली काही वर्णनं जोरात करत होते. हिनं घातला, तिनं अडवला, पुन्हा सारखे झाले, आता शेवटची. मग फोनमध्ये शांतता. मागून टीव्हीतला गलका ऐकू येत होता.

"काय झालं रे?" सासरे.

"चालू आहे," काका म्हणाले. "चालू आहे अजून."

"म्हणजे?"

"म्हणजे... अंपायर काहीतरी बघतायत. चालूच आहे. मी सांगतो ना तुला. चालू आहे."

तो आवाज मी ओळखला. नवरा गेला त्या दुपारी सासरे माझ्याआधी हॉस्पिटलात पोचले होते. मी ट्रेनमध्ये होते आणि दर स्टेशनला त्यांना फोन करत होते. प्रयत्न चालू आहेत, ते म्हणत होते. चालू आहेत गं, तू ये सावकाश. मी पोचले तेव्हा कळलं की माझा पहिला फोन लागला त्याच्याही आधी सगळं संपलं होतं. हाच आवाज होता तो. मऊ, डॉक्टरी, सांभाळून घेणारा.

सासऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी फोनकडे वाकून "ठेवतो रे, थँक यू" म्हटलं आणि फोन बंद केला.

"संपलंय ना, बाबा?" मी विचारलं.

"संपलंय," ते म्हणाले. मग फोन टीपॉयवर पालथा घातला. "तुलाही मी तेव्हा खरं नाही सांगितलं. तू गाडीत एकटी होतीस. एकट्या माणसाला कसं सांगायचं?" त्यांनी डोळे पुसले, शर्टाच्या बाहीनं, त्या इस्त्रीच्या. "आज ती तिकडे एकटी आहे. तू जा."

"तुमचं कोण बघेल?"

"संध्याकाळी माझं बघायला ती केअरर बाई येतेच की. मी काय लहान आहे? जा म्हणतो ना!" दोन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर खेकसले.

मी कोट चढवला, पर्स घेतली, निघाले. ईस्ट क्रॉयडनच्या प्लॅटफॉर्मवर पोचले आणि तिला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, चॅनल बंद होता ना तुमच्याकडे? थँक गॉड. आजोबांनी बघितला नाही ना?"

"त्यांना माहिती आहे."

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "तू स्टेशनवर आहे? अनाउन्समेंट ऐकू येते."

"तुझ्याकडे येतेय. रात्रीपर्यंत पोचते."

"व्हाय? उद्या तुला काम नाही?"

"हरलीस म्हणून येतेय," मी म्हटलं. "एकटी बसू नकोस."

आणि ती रडायला लागली. लहानपणी गुडघा फुटला की रडायची तशी, हुंदक्यांच्या मधे शब्द घालत. शेवटचा मी सोडला आई, तो सोपा होता, डॅडनी सांगितलं असतं मला कुठे उभा राहायचं. हो गं, मी म्हणत होते, हो गं माझी बाय. आणि मग माझ्या गालावर काहीतरी गरम लागलं, आणि मी त्या भर गर्दीत तोंड उघडून, मोठ्यांदा, गेल्या दोन वर्षांचं सगळं रडले. कामावरून परतणारी माणसं सभ्यपणे दुसरीकडे बघत उभी होती. गाडी आली. आम्ही दोघींनीही फोन ठेवला नाही.